एक प्रत रोह्याला!

बालमित्रांनो,

पेणला आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. शाडूची माती, साचे, रंगांचे डबे आणि या सगळ्यांपासून दूर, आतल्या खोलीत कपाटावर, एक काळी पेटी. तिचा हिरवा दिवा दिवसरात्र लुकलुकत असतो. "बाई, हा आमचा सर्व्हर!" त्या घरातली पाचवीतली मुलगी मला ऐटीत म्हणाली. पेटीत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे वायफायवरून आपापले फोटो तिच्यात ठेवतात. दरवर्षीच्या मूर्ती, गिऱ्हाइकांच्या मागण्या आणि मूर्तीचे डोळे आखणारे आजोबा!

मे महिन्याच्या सुट्टीत काय झालं, ऐका. जागा रिकामी करायची म्हणून तिच्या दादानं एक जुनं फोल्डर पुसून टाकलं. ते नेमकं फोटोंचं निघालं! "घाबरता कशाला? दोन डिस्क आहेत ना!" सगळे म्हणाले. बघतात तर दुसरी डिस्कही कोरी पाटी!

असं का झालं? त्या पेटीत 'रेड १' हा पर्याय निवडलेला होता. म्हणजे एका डिस्कवर जे होईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. आरसाच म्हणा ना. तुम्ही आरशासमोर टिकली काढलीत, तर आरशातली टिकली कपाळावर राहील का? एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, हा आरशाचा मोठा उपयोग. पण आपल्या हातून झालेली चूकही तो इमानानं गिरवतो!

हे सगळं ठरवतं कोण? पेटीतलं फर्मवेअर. फर्मवेअर म्हणजे यंत्रात कायम मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम. आपल्या शाळेतले शिपाईकाका आठवा. घंटा कधी द्यायची, कोणतं दार उघडायचं, हे ते नेमून दिल्याप्रमाणे करतात. फर्मवेअरही तसंच. आपण काय नेमून देतो, यावर सगळं अवलंबून! मग एका रविवारी माहितीपुस्तिका घेऊन आम्ही सगळे पेटीपुढे बसलो आणि एकेक गोष्ट ठरवली.

पहिली : 'रेड ०' की 'रेड १'? चार टीबीच्या दोन डिस्क असतील, तर 'रेड ०' मध्ये आठ टीबी जागा मिळते. पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. 'रेड १' मध्ये जागा चारच टीबी, पण एक डिस्क गेली तरी माल शाबूत. आम्ही 'रेड १' च ठेवलं.

दुसरी : स्नॅपशॉट. फोल्डर त्या दिवशी कसं होतं, याची रोज रात्री नोंद. चुकून पुसलेलं परत आणता येतं. सगळ्याच पेट्यांत ही सोय नसते, पण या पेटीत होती आणि बंद होती! ती चालू केली. नोंदी ३० दिवस ठेवायच्या.

तिसरी : वीज. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा लपंडाव चालतोच. पेटी यूपीएसला जोडली. वीज गेली की पेटीनं सगळं नीट आवरून बंद व्हायचं, असं नेमून दिलं. फर्मवेअर सुधारायचं तेही यूपीएस असतानाच. ते काम अर्ध्यावर तुटलं तर पेटी सुरूच न होण्याचा धोका असतो, बरं का!

चौथी : दारं. कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलला. बाहेरून इंटरनेटवरून पेटी उघडण्याची सोय बंद केली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' नावाच्या जुन्या पेट्यांत चोरटे इंटरनेटवरून शिरले आणि जगभरातल्या अनेकांच्या डिस्क कोऱ्या झाल्या. त्या पेट्यांचं फर्मवेअर कंपनीनं २०१५ नंतर सुधारलंच नव्हतं!

आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची : एक प्रत गावाबाहेर. स्नॅपशॉट असतात त्याच पेटीत. पेटी चोरीला गेली, पाण्यात बुडाली, तर? २००५ च्या जुलैमध्ये रायगड जिल्ह्यात पुरानं आणि दरडींनी काय केलं, ते घरी विचारा.

इथंच त्या घराला देव पावला. रोह्याच्या आत्या दिवाळीला आल्या होत्या. जाताना त्या एका सुट्या डिस्कवर सगळे फोटो घेऊन गेल्या होत्या, हौस म्हणून! रोह्याहून ती डिस्क आली आणि दिवाळीपर्यंतचं सगळं परत मिळालं.

सगळं? नाही. माघी गणपतीचे फोटो दिवाळीनंतरचे. त्या वेळी आजोबांनी शेवटची आखणी केली होती. आता त्यांचा हात थरथरतो. ते फोटो काही परत आले नाहीत. दादा दोन दिवस जेवला नाही. आजोबाच त्याला म्हणाले, "अरे, मूर्ती तरी आपण कुठं ठेवून घेतो? पण पुढच्या वेळी जपून हं!"

आता दर तीन महिन्यांनी एक डिस्क पेणहून रोह्याला जाते आणि दुसरी परत येते. आत्यांची फेरीही होते!

तुमच्या घरी अशी पेटी नसेलही. पण मोबाईल तर आहे? मग या आठवड्याचा गृहपाठ : आजीआजोबांचे फोटो किती ठिकाणी आहेत, ते मोजा. उत्तर 'एक' आलं, तर आजच आईबाबांना घेऊन बसा!

तुमच्या बाई