घटसर्प : दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस झालाय का?

"सगळ्या लसी झाल्यात, डॉक्टर," असं पालक ठामपणे सांगतात. कार्ड उघडलं की नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीपुढचे रकाने कोरे असतात. घटसर्पाला वाट मिळते ती याच कोऱ्या रकान्यांतून.

सुरुवात साध्या घसादुखीसारखी होते. थोडा ताप, गिळायला त्रास. मग घशात राखाडी-पांढरा पापुद्रा धरतो, मान सुजते, आवाज बसतो, कधी प्यायलेलं पाणी नाकातून येतं. पापुद्र्याने श्वास कोंडतो, पण मला जास्त धास्ती असते ती या जिवाणूच्या विषाची. ते हृदयापर्यंत पोचतं. घसा सुधारला, पोरगं खेळायला लागलं आणि दुसऱ्या आठवड्यात हृदयाने दगा दिला, असंही होतं. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, सुटलेलं विष नाही. त्यासाठी घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष लागतं आणि तेही लवकर. पेशीत शिरलेल्या विषावर तेसुद्धा चालत नाही. म्हणून घरी पापुद्रा खरवडत बसू नका, थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना दिलेल्या पेंटाव्हॅलेंट लसीत घटसर्पाची लस असते. पण तिचा जोर ओसरतो. म्हणून 16 ते 24 महिन्यांत आणि पुन्हा 5 ते 6 वर्षांत त्रिगुणीचा बूस्टर.

आपल्या परभणीत तो का राहतो? मांडीला गाठ येईल, ताप येईल ही भीती आहेच. (ताप एक-दोन दिवसांत उतरतो.) पण गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मूल कोपीवर असतं, नाहीतर गावात आजीजवळ, आणि कार्ड ट्रंकेत. यात मी आईबापांना दोष देणार नाही. उचल घेतलेला माणूस लसीच्या तारखेसाठी थांबू शकत नाही. मुकादम कोयते मोजतो, तशी गाडी भरण्याआधी गावात पोरांची कार्डंही कुणीतरी मोजायला हवीत. हे काम आरोग्य खात्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. सरकारी लस फुकट आहे आणि कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रातही मिळते. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला तेवढाच घ्यायचा. सात वर्षांपर्यंत त्रिगुणी देता येते, त्यानंतर टीडी. कार्ड हरवलं असेल तर नर्सबाईंच्या नोंदवहीत पाहा आणि निघण्याआधी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. मूल आजीजवळ राहणार असेल, तर पुढच्या डोसची तारीख तिलाही सांगून ठेवा.