याडीला कोणी विचारलं?



या अंकाची जुळवाजुळव चालू असताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, ''आई, तू आजीला याडी का म्हणतेस?''

माझं माहेर मुखेड तालुक्यातला बंजारा तांडा, सासर लातूर. लग्न आंतरजातीय. लहानपणी शाळेत भाकरीला 'बाटी' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून चारचौघांत गोरबोली सोडली. पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना अस्मितेवर निबंध लिहिले, पण घरी मुलांशी मराठीच! बोलीला स्वतःची लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदीच्या खात्यात मोजले गेले.

म्हणून यंदा श्रावणात टोपलीत गहू पेरून लेकीला तीज दाखवली. नऊ दिवस तिने पाणी घातलं. आजीची फेटिया-काचळी अंगावर धरून आरशापुढून हलेना.

मग पुढचा प्रश्न : ''तू सुट्टीत कुठे जायचीस?''

सुट्टी कसली! दिवाळी झाली की उचल घेतलेल्या आईबापाबरोबर ऊसतोडीला. मी कोपीत धाकट्या भावाला सांभाळायची. याडी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची, सातव्या महिन्यातसुद्धा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पैसे बापाच्या हातात. नवऱ्याचं म्हणणं, ''पोरांना चांगलं तेवढं सांग.'' त्याचा हेतू वाईट नाही. पण तीज सांगायची आणि कोयता लपवायचा, तर मुलांच्या हाती फक्त आरसे लावलेला घागराच उरणार ना?

मी सांगितलं. नसाबाचंही सांगितलं. तांड्याच्या त्या न्यायसभेत नायक, कारभारी बसायचे. याडीच्याच मारहाणीचा तंटा होता, आणि ती लांब, लिंबाखाली उभी.

''मग आजीला कोणी विचारलं का?''

मला उत्तर आलं नाही. लेकीने दुसऱ्या दिवशी फोन लावून मोडक्यातोडक्या गोरबोलीत आजीलाच विचारलं. याडी आधी हसली, मग अर्धा तास बोलत राहिली. त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं!

पुढच्या अंकासाठी तुमच्या आई-आजीकडून ऐकलेलं लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. भाषा त्यांचीच ठेवा. आम्ही ती दुरुस्त करणार नाही.