कळल्यावर काय करणार?

मांजर म्हातारं झालं की त्याच्या सगळ्या तक्रारींवर घरोघरी एकच उत्तर तयार असतं. वाळलं, तर वय झालं. खाणं कमी झालं, तर वय झालं. ओकलं, तर केसांचा गोळा असेल. आमची भुरी पंधरा वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी ओलांडलेली. तिच्याबद्दल ही वाक्यं मी गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकली की आता त्यावर लिहायलाच हवं.

वय हा आजार नाही. म्हाताऱ्या मांजराचं वजन घटत असेल तर शोधलं की बहुतेक वेळा कारण सापडतं. मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह, किडलेले दात, आतडं, यांपैकी काहीतरी निघतं आणि यातल्या बऱ्याच दुखण्यांवर औषध आहे. पण मांजर दुखणं दाखवत नाही. कुत्रा कण्हतो, लंगडतो, पायाशी येऊन बसतो. मांजर कपाटावर चढायचं बंद करतं, कमरेवरचे केस चाटायचं सोडतं आणि पलंगाखाली अंग मुडपून बसून राहतं. आपल्याला वाटतं, शांत झालंय.

भुरीच्या बाबतीत डोळ्यांना काही दिसलंच नाही. अंगावर दाट केस. बारीक झालेलं मांजरही त्यात भरलेलंच दिसतं. कळलं ते हाताला. पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागायला लागले. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलची परात ठेवली, काटा शून्यावर आणला आणि भुरीला परातीत बसवलं. परातीचा गारवा तिला आवडतो, त्यामुळे आकडा स्थिर होईपर्यंत ती बसली. साडेतीन किलो. वर्षभरापूर्वी लसीच्या वेळी ती चार किलो होती. चार किलोतून अर्धा किलो जाणं म्हणजे साठ किलोच्या बाईचं साडेसात किलो वजन उतरणं. घरातल्या बाईचं एवढं वजन न सांगता उतरलं तर आपण 'वय झालं' म्हणून गप्प बसू का?

रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक. क्रिएटिनिन वरच्या मर्यादेच्या आत होतं, पण डॉक्टरांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. मूत्रपिंडांची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावरच मांजराचं क्रिएटिनिन चढतं, म्हणून त्यांनी एसडीएमए नावाची, आधी इशारा देणारी तपासणीही करून घेतली. तीही बरी आली. मग सोनोग्राफी झाली. त्यासाठी भुरीच्या पोटावरचे केस मशीनने काढले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिचं गुलाबी, सुरकुतलेलं पोट पाहिलं. आतड्याच्या भिंतीतला स्नायूंचा थर जाड झाला होता आणि शेजारच्या लसिकाग्रंथी किंचित मोठ्या दिसत होत्या.

याचे अर्थ दोन. एक, आतड्याची जुनाट सूज. दोन, लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, तोही सावकाश वाढणारा. म्हाताऱ्या मांजरांमध्ये दोन्ही आढळतात आणि सोनोग्राफीत दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. सुईने पेशी काढून पाहिल्या तरी या दोहोंत फरक करणं बहुधा जमत नाही. खात्री हवी तर भूल देऊन, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून, आतड्याचा तुकडा काढायचा आणि तो तपासायला पाठवायचा, म्हणजे बायॉप्सी.

मी लगेच तारीख विचारली. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, रिपोर्टमध्ये काय येईल ते क्षणभर बाजूला ठेवा. कळल्यावर आपण काय करणार, ते आधी ठरवूया."

हा प्रश्न आपल्याकडे हात झटकायला वापरतात. कळून तरी काय करणार, म्हणजे सोडून द्या. डॉक्टरांनी तो अगदी खरा प्रश्न म्हणून विचारला, आणि आजारी म्हाताऱ्या जिवाची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने तो तसाच विचारावा, असं आता माझं ठाम मत आहे. भुरी सात वर्षांची असती तर त्यांनी स्वतःच बायॉप्सीचा आग्रह धरला असता. पंधराव्या वर्षी, वजन उतरलेलं असताना, भूल आणि आतड्यावरची जखम ही मोठी जोखीम. दुसरीकडे, दोन्ही आजारांत सुरुवातीचं औषध तेच, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. लिम्फोमा पक्का झाला तर त्यात क्लोराम्ब्युसिलची भर पडते. ही माणसांच्या कर्करोगाचीच गोळी, हातमोजे घालून द्यायची आणि कधीही न तोडायची. सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाची मांजरं औषध लागू पडलं तर अनेकदा दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही चांगली जगतात. 'कॅन्सर' म्हटल्यावर पोटात जो गोळा येतो, तो दर वेळी बरोबर असतोच असं नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. स्टिरॉइड सुरू केलं की नंतर केलेल्या बायॉप्सीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही, कारण औषधाने चित्र पुसट होतं. म्हणजे तपासणी करायची तर आधीच. आम्ही घरी दोन दिवस बोललो आणि तुकडा न काढता प्रेडनिसोलोन सुरू करायचं ठरवलं. भुरीच्या फाइलवर, जिथे तिच्या नावापुढे आमचं आडनाव लावलेलं आहे, तिथे निदानाच्या रकान्यात आजही 'संशयित' असंच लिहिलेलं आहे. दुसरं एखादं घर दुसरा निर्णय घेईल, आणि मांजराची ताकद चांगली असेल तर तोही योग्यच असेल.

नाव पक्कं नसलेल्या आजाराबरोबर राहणं अवघड असतं. पण सेवा थांबत नाही, कारण तिला नाव लागत नाही. सकाळची गोळी हा आमच्याकडे दोन माणसांचा कार्यक्रम आहे. आई जुना, धुऊन मऊ झालेला पंचा मांडीवर पसरते, भुरीला त्यात मानेपर्यंत गुंडाळते आणि तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहते. मी मागून डोकं धरून वर करते, जबड्याच्या कोपऱ्यात बोट घालते आणि गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाकते. जिभेच्या टोकावर पडली तर कडू लागते आणि फेस येतो. त्यानंतर बिनसुईच्या सिरिंजने थोडं पाणी, गालाच्या बाजूने, हळूहळू. हे पाणी फार महत्त्वाचं आहे. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते, आणि काही औषधं तिथे जखम करतात. नाक चाटलं की समजायचं, गिळली.

आजारी आतड्याला बी१२ नीट शोषता येत नाही आणि ते कमी पडलं की भूकही मरते. त्याची इंजेक्शनं सुरू झाल्यावर भुरी परत ओट्याखाली येऊन ओरडायला लागली. आई मांदेली नुसती पाण्यात उकडून काटे काढून देते. मीठ नाही, हळद नाही. कांदा आणि लसूण तर मुळीच नाही, कारण त्यांनी मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. माशाच्या कालवणातला भात आपण प्रेमाने मांजरापुढे ठेवतो, तो म्हणूनच वाईट. मासे कोमट करून द्यावेत, कारण म्हाताऱ्या मांजराला वास आला तरच ते खातं. अर्थात नुसत्या मांदेलीवर मांजराचं पोषण होत नाही. ती भूक चाळवण्यापुरती, बाकी डॉक्टरांनी सांगितलेलं खाद्य.

दोन गोष्टी घाबरवण्यासाठी नाही, पण ठासून सांगते. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यानेच जीव जाऊ शकतो. जाड मांजराला हा धोका जास्त. 'उपास केला की बरं वाटेल' हे मांजराला लागू नाही. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही. एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते.

स्टिरॉइडने मधुमेह होण्याची शक्यता असते, म्हणून भुरी पाणी किती पिते आणि ट्रेमधल्या मातीत लघवीचे गोळे किती मोठे होतात यावर लक्ष ठेवावं लागतं. हे सगळं आमच्या 'कालनिर्णय'च्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेलं असतं. वजन, उलटी, खाल्लं की नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टर आधी ते पान मागतात.

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजरावर एवढं करता," असंही कुणी म्हणतं. माणसांना औषध मिळायलाच हवं. पण ज्या जिवाला आपण घरात ठेवून परावलंबी केलं, त्याचं दुखणं आपलंच काम आहे. मुंबईकर परळच्या ज्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला अजून 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकातलं. गाड्या ओढणाऱ्या जनावरांची जबाबदारी या शहराने तेव्हाच ओळखली होती.

शेवटाचंही बोलणं झालं आहे. साबरमती आश्रमात 1928 साली एक वासरू असह्य यातना भोगत होतं. गांधीजींनी त्याला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मरण देवविलं, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली आणि ती सोडली नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. भुरी स्वतः येऊन खाते का, अंग चाटते का, मातीच्या ट्रेपर्यंत चालत जाते का, दुपारी गॅलरीत येते का, हे चार प्रश्न आम्ही डॉक्टरांबरोबर बसून लिहून ठेवले आहेत. यांची उत्तरं सलग 'नाही' येऊ लागली तर तिला ओढत ठेवायचं नाही. हा निर्णय धीर शाबूत असताना घेऊन ठेवावा. त्या दिवशी डोकं चालत नाही.

आज चारही उत्तरं 'हो' आहेत.

तुमच्या घरात दहा वर्षांपुढचं मांजर असेल तर या रविवारी त्याचं वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा करा. वजन उतरलेलं दिसलं तर शेजाऱ्यांना विचारत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.