जिद्द आहे, उतार कुठे आहे?

“मनात जिद्द असली की अपंगत्व आड येत नाही.” हे वाक्य सत्कारांत, शाळांच्या व्यासपीठांवर आणि नातेवाइकांच्या तोंडून मी आयुष्यभर ऐकत आले. बोलणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण वाक्य खोटं आहे, आणि त्याची किंमत आम्ही रोज मोजतो.

दाखला म्हणून मुरलीकांत पेटकरांचं नाव हमखास पुढे येतं. यावंच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या सांगलीकडच्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पण पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचारांचा भाग म्हणून. पदकाच्या आधी रुग्णालय होतं, तलाव होता, पाण्यात उतरवणारे हात होते. जिद्द त्यांचीच, तिला पाणी मात्र कुणीतरी मिळवून दिलं होतं.

आता माझा दिवस बघा. पहाटे साडेपाचला गुळगुळीत फळीवरून मी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकते. ओटा खाली घेतलाय, त्यामुळे चहा, भाजी, पोळ्या माझ्याच हातच्या. नऊला कामाला बसते. पूर्वी मला आंघोळीला रोज कुणीतरी उचलून न्यावं लागे, कारण खुर्ची सव्वीस इंच आणि न्हाणीघराचं दार चोवीस. गवंड्याने दोन दिवसांत ते छत्तीस इंच केलं आणि मी ‘स्वावलंबी’ झाले. त्या दोन दिवसांत माझं मनोबल वाढलं नव्हतं. दार वाढलं होतं.

तीच मी बँकेत गेले की तीन पायऱ्यांशी अडते. रखवालदार कळवळून म्हणतो, “ताई, तुम्ही कशाला आलात? घरचं कुणी पाठवायचं ना!” सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. एकास बारा या प्रमाणाने तिथे अठरा फुटांचा उतार लागतो. जागा कमी असेल, तर वळवून घेता येतो. जिद्दीने पायऱ्या सपाट होत नाहीत.

उतार मागितला की एक आक्षेप ठरलेला: “आमच्याकडे खुर्चीवालं कुणी येतच नाही, मग खर्च कुणासाठी?” येणार कुठून? २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. ते दिसत नाहीत, कारण घराबाहेरची पहिलीच पायरी त्यांना परत पाठवते. शिवाय उतार झाला की गुडघे धरलेल्या आजी, बाबागाडी ढकलणारी आई आणि सिलिंडर आणणारा, सगळेच त्यावरून जातात.

नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीत. त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, तेव्हा नुसता धीर दिला नाही. वसतिगृह दिलं, शाळा दिली, हाताला काम दिलं. भरलेलं आयुष्य असंच घडतं. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही तेच सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावलं की सुगमतेचे नियम शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

म्हणून एक विनंती. सोसायटीच्या पुढच्या सभेला येताना मोजपट्टी आणा. दाराची रुंदी आणि पायऱ्यांची उंची इतिवृत्तात लिहून घ्या. जिद्द आम्ही आणतो.