रोसिनान्ते विकणार कुणाला?

'गाडी घ्या, हिंडा, विका, प्रवास फुकट!' ऑस्ट्रेलियात पाठीवर सॅक टाकून भटकणाऱ्यांचा हा मंत्र म्हणजे प्रवासवाङ्मयाने पोसलेला भ्रम आहे. १९६० साली जॉन स्टाइनबेक डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिलेल्या स्वतःच्या ट्रकमधून अमेरिकाभर हिंडला खरा. पण तो स्वदेशात होता आणि अखेरीस ट्रकसह घरीच परतला. परदेशी प्रवाशाला हा शेवट उपलब्ध नाही. नोंदणी, मुद्रांक शुल्क, दुरुस्ती यांचा खर्च सोसून, परतीचे तिकीट खिशात असताना त्याला गाडी विकावी लागते. तेव्हा भाव गिऱ्हाईकच ठरवते. भटकंती अनेक महिन्यांची असेल तर ही जोखीम समर्थनीय ठरेल. तीन आठवड्यांसाठी मात्र भाड्याचीच गाडी बरी. मालकी म्हणजेच स्वातंत्र्य असे मानणाऱ्यांनी विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी रास्त भावाचे गिऱ्हाईक शोधून दाखवावे!