उसाचे प्लास्टिक आणि आपले कारखानदार

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पिशव्या, पेले, चमचे बनविणारे व विकणारे आपले कित्येक बांधव बेसावध सापडले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. प्रत्येक वेळी आपण बंदीनंतर जागे झालो. निदान आता तरी आधी जागे व्हावे.

वनस्पतीजन्य प्लास्टिक बाजारात येत आहे. उसाची किंवा मक्याची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्यापासून ‘पीएलए’ नावाचा दाणा बनवितात. २०२४ मध्ये जेजुरी येथे प्राज कंपनीचा असा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्रात कच्च्या मालाची वाण नाही.

हा दाणा नेहमीच्या इंजेक्शन मशीनवर चालतो. मात्र तो आधी नीट सुकवावा लागतो. साधा पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून गरम चहाच्या पेल्यासाठी तो कामाचा नाही. भावही साध्या दाण्याहून जास्त आहे.

येथे व्यापाऱ्याच्या इमानाचा प्रश्न येतो. ‘आपोआप कुजणारे’ असा छाप मारून वाटेल तो माल विकला जातो. वास्तविक पीएलए गटारात कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास उष्णता असलेला खत प्रकल्प लागतो. अशा कुजणाऱ्या पिशव्या विकण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मालातील खोट लपविणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय पीएलएची बाटली पेटच्या भंगारात मिसळली तर तो मालही बिघडतो. म्हणजे एकाच्या लबाडीने धारावीतल्या भंगारवाल्या भावाची रोजी मारली जाते.

तेव्हा करावे काय? एकट्या लहान कारखानदाराला हा खर्च झेपणार नाही. पाच-दहा जणांनी व्याजी कर्जाच्या मागे न लागता भागीदारीत भांडवल उभे करावे, एक सुकवणी यंत्र घ्यावे, दाणा एकत्र मागवावा आणि आधी थोडा माल काढून पाहावा. मुलांना छत्रपती संभाजीनगरच्या ‘सिपेट’ या सरकारी संस्थेत हे तंत्र शिकण्यास पाठवावे. जमातींनीही यात पुढाकार घ्यावा.

बंदीचा हुकूम वाट पाहत नाही. तयारी आज केली तर उद्या हुन्नर आपल्या हाती राहील, इन्शाअल्लाह.