विदूषक, राजा आणि हरवलेली थट्टा

दक्षिण कोरियात डिसेंबर २००५ मध्ये झळकलेल्या 'द किंग अँड द क्लाऊन' या चित्रपटाने १ कोटी २० लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले. श्रेय ली जून-गी या अभिनेत्याच्या नाजूक देखणेपणाला देण्यात आले. ते अर्धेच खरे. चित्रपटाचा आधार किम ते-उंग यांचे २००० सालचे 'यी' हे नाटक. त्याहीमागे आहे जोसन राजघराण्याच्या इतिवृत्तातील एक त्रोटक नोंद. गोंग-गिल या विदूषकाने राजा योनसानला कन्फ्यूशियसचे वचन ऐकविले. राजा राजासारखा वागला नाही, तर धान्य असूनही ते खाता येईल काय, असा त्याचा रोख होता. विदूषकाला फटके मारून हद्दपार करण्यात आले. १५०६ मध्ये राजाच पदच्युत झाला, हा भाग निराळा!

नाटकातील गोंग-गिलला राजाच्या मर्जीमुळे सत्तेची चटक लागते. दिग्दर्शक ली जून-इक यांनी त्याला निष्पाप केले आणि निर्भीडपणा त्याचा जोडीदार जांगसेंग याच्याकडे सोपविला. त्यामुळे राजा आणि दोन विदूषक या तीन पुरुषांमधील ओढ ठळक झाली. गर्दी बहुधा त्यानेच जमविली. राजाची टिंगल पडद्यावरही आहे. परंतु थट्टा करणाराच दरबाराच्या पंगतीला बसला तर त्या थट्टेचे काय होते, हा नाटकातील बोचरा प्रश्न रंगमंचावरच राहिला.